मधली जयवंती

भुईगावात भांडण लावणाऱ्या बाईसाठी शब्दांची वानवा नव्हती. कळलावी, आगलावी, चोंबडी, इकडची काडी तिकडे करणारी. भांडण मिटवणाऱ्या पुरुषालाही शब्द होते. देवळाच्या ओट्यावर बसून निवाडा देणारा तो पंच. सरकारी कागदात त्यालाच लवाद म्हणत, आणि सोयरिकीत रुसवेफुगवे झाले की तोच मध्यस्थ होई. पण भांडण मिटवणाऱ्या बाईला शब्दच नव्हता. त्यामुळे जयवंती आयुष्यभर जे करत आली, त्याला गावाने काही नाव दिलं नाही. घरात तिला मधली म्हणत. तेही एवढ्याचसाठी, की हरिभाऊ थोरला, काशिनाथ धाकटा आणि ती दोघांच्या मधली.

तिला आगाशीत दिली होती. संसार मांडून होतो न होतो तोच नवरा तापाने गेला. हरिभाऊ बैलगाडी घेऊन आला, सासऱ्याशी चार शब्द बोलला आणि बहिणीला घरी घेऊन आला. पुढे त्याची बायको बाळंतपणात गेली, तेव्हा घराचं सगळं जयवंतीच्या अंगावर आलं. हरिभाऊच्या दोन्ही मुली तिनेच वाढवल्या, तिनेच त्यांना सासरी धाडलं. दिवसभर तिचे हात चालू असत. विड्याची पानं खुडायची, त्यांच्या जुडग्या बांधायच्या, राजेळी केळी सोलून सुकेळ्यांसाठी उन्हात मांडायची. आणि हात चालू असताना कान उघडे असत.

तिचं हे काम सुरू झालं ते शेजारच्या सॅन्टनच्या घरापासून. सॅन्टनची बायको सेलिन तेव्हा नवी नवरी होती. सासू पॉलिन एकदा चारचौघींत म्हणाली, पोरीच्या हाताला चव नाही. झालं, सेलिनने चूल वेगळी केली. एका छपराखाली दोन कालवणं शिजू लागली आणि सॅन्टन बिचारा दोन्हीकडे अर्धपोटी जेवू लागला. जयवंती लावायला केळीचे मुनवे, म्हणजे बुंध्याची पिल्लं, मागायच्या निमित्ताने तिथे गेली. म्हातारीला म्हणाली, "तुझी सून विहिरीवर सांगत होती, सासूसारखं कालवण तिच्या आईलाही जमत नाही म्हणून." आणि जाता जाता परसात सेलिनला म्हणाली, "पॉलिनमावशी म्हणत होती, पोर कामाला वाघीण आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही एवढंच."

दोघींपैकी कुणीही असलं काही बोललं नव्हतं. पण पुढच्या रविवारी सासू-सून एकाच छत्रीखाली चर्चला गेल्या.

बऱ्याच दिवसांनी सेलिनने तिला विचारलं, "आत्या, म्हातारी खरंच तसं म्हणाली होती का?"

"मनात होतं तिच्या," जयवंती म्हणाली. "मी नुसतं ओठापर्यंत आणलं."

मग तिला बोलावणी येऊ लागली. माहेरी येऊन बसलेल्या मुली, एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या जावा, मुलाच्या घरी पाणी न पिणारे बाप. जयवंती सुकेळ्यांचा पुडा पदराखाली घेऊन निघायची. निवाडा ती कधीच देत नसे. कोण चुकलं हे तिने कधी विचारलंही नाही. एकाच्या तोंडचा कडू शब्द वाटेतच टाकायचा आणि त्याच्या मनात असेल नसेल तो गोड शब्द दुसऱ्यापाशी पोचवायचा, एवढंच तिला ठाऊक होतं. ती बोलली की घरं सांधली जात. पाठीमागे मात्र लोक तिला चोंबडीच म्हणत, कारण दुसरा शब्द कुणाला सुचत नसे.

हरिभाऊची रीत उलटी. तो गावाचा पंच. मोजकं बोलायचा, पण बोलला की ती रेघ. बांधाचा तंटा असो की आंब्याच्या फांदीचा, हरिभाऊने खाकरून "असं करा" म्हटलं, की लोक उठून धोतर झटकत. बहिणीच्या उद्योगाकडे तो काणाडोळा करी. एकदा मात्र जेवताना म्हणाला होता, "तू खोट्यावर घरं उभारतेस, मधले."

"उभी आहेत ना?" तिने विचारलं होतं, आणि त्याच्या पानात भात वाढला होता.

स्वराज्य यायच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा. वडिलांची वाडी दोघा भावांत वाटली गेली होती, पण विहीर सामाईक. हरिभाऊचा पानमळा राहाटाच्या पाण्यावर, काशिनाथच्या केळीही त्याच पाण्यावर. पाळी ठरलेली होती. त्या वर्षी काशिनाथने तेलावर चालणारं इंजिन आणलं. इंजिन आवाज करत पाणी खेचायचं, राहाटाला दिवस लागे ते काम सकाळच्या न्याहारीपर्यंत उरकायचं. काशिनाथला भारी कौतुक. त्या कौतुकात आपली पाळी कुठे संपते आणि भावाची कुठे सुरू होते, याचं भान त्याला राहिलं नाही. वैशाखात विहिरीने तळ दाखवला आणि मग जे पाणी आलं ते मचूळ. समुद्र जवळ, त्यामुळे गोडं पाणी उपसलं की खारं आत शिरणारच. हरिभाऊच्या पानवेली पिवळ्या पडल्या, मग काळ्या, मग नुसत्या दोऱ्या लोंबू लागल्या. त्या वेली बापाने लावलेल्या होत्या.

हरिभाऊने घरात एक शब्द काढला नाही. पण त्याच आठवड्यात देवळाच्या ओट्यावर दुसऱ्याच कुणाच्या तंट्यासाठी माणसं जमली होती आणि काशिनाथ तिथे आला. हरिभाऊ सगळ्यांच्या देखत म्हणाला, "पाणीचोराने पंचायतीत बसू नये."

काशिनाथ उभ्या उभ्या पांढरा पडला. "पंचाने निवाडा दिला," तो म्हणाला. "आता हा चोर तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. बोलावशील तेव्हाच येईन."

"आणि मीही तुझ्या उंबऱ्याला येणार नाही," हरिभाऊ म्हणाला.

पावसाळ्याआधी दोन वाड्यांमध्ये काट्याचं कुंपण उभं राहिलं. विहिरीकडे जायला तेवढी दोन्ही बाजूंनी वाट ठेवली. गाव म्हणायला लागलं, पंचाच्याच घरात तंटा, आता पंचाचा पंच कुठून आणायचा? सगळ्यांचे डोळे जयवंतीकडे वळले.

तिने नेहमीप्रमाणेच सुरुवात केली. कुंपणापलीकडे जाऊन काशिनाथला म्हणायची, "दादाला रात्री झोप नाही. वेलींचं नाही रे, तुझंच लागलंय त्याला." आणि हरिभाऊला वाढताना म्हणायची, "काशा विचारत होता, दादाचा गुडघा कसा आहे." सगळं हवेतून काढलेलं असायचं असंही नाही. भाऊबीजेला ती आधी थोरल्याला ओवाळायची आणि मग ताट घेऊन पलीकडे जायची, तेव्हा काशिनाथ हळूच विचारी, "दादाला ओवाळलंस?" एवढाच त्याचा शब्द. पण घरी येईपर्यंत जयवंतीच्या तोंडी त्याची पुरी ओवी झालेली असे.

इतर घरांत जे महिन्याभरात व्हायचं, ते इथे होईना. दोघे ऐकून घेत. काशिनाथचा चेहरा खुलायचा, हरिभाऊ मान खाली घालून भात कालवत राहायचा. पण उठून कुणीच जात नव्हतं. काशिनाथची बायको प्रेमलता एकदा विहिरीवर म्हणाली, "बाय, तुम्ही यांना एवढं गोड आणून देता, की यांचं त्यातच भागतं. भुकेला माणूस उठून जेवायला तरी गेला असता."

जयवंतीला ते लागलं. पण सांगणं थांबवायचं, म्हणजे दोघांमध्ये जो एक धागा होता तोही तोडायचा. ती सांगत राहिली. वर्षं गेली. पानमळ्याच्या जागी हरिभाऊने अबोली आणि मोगरा लावला. काशिनाथचा मुलगा विद्याधर मुंबईला नोकरीला लागला.

पहिली निवडणूक झाली त्या वर्षी, भादव्यात, काशिनाथला कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, गळ्यात माळ घालून झाली, मग आगाशीहून डॉक्टर आले. डोळे हळदीसारखे, पोट फुगलेलं, अन्नावर वासना नाही. विद्याधरला बोलावून घेतलं. डॉक्टर प्रेमलतेशी न बोलता विद्याधरला अंगणात घेऊन गेले, तेव्हाच घरातल्या बायांनी काय ते ओळखलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंती पेज घेऊन गेली. प्रेमलता त्याचे पाय चेपत होती. काशिनाथने पेज बाजूला सारली.

"बाय, बस. तू आजवर दादाचं म्हणून जे सांगितलंस, त्यातलं खरं किती आणि खोटं किती, मी कधी विचारलं नाही," तो म्हणाला. "आताही विचारत नाही. पण आज मी सांगतो ते माझं आहे. ते तसंच्या तसं ने."

"सांग," ती म्हणाली.

"त्याला म्हणावं, विहिरीचं मी चुकलो. पण चारचौघांत मला चोर म्हणालास, ते तुझं चुकलं. तेही मी विसरलेलो नाही. दोन्ही सांग. आणि मग म्हणावं, काशा बोलावतोय, ये."

एवढं बोलून त्याला धाप लागली. प्रेमलता म्हणाली, "बाय, जा लवकर."

दोन घरांत अंतर ते कितीसं. कुंपणाला वळसा घालून, विहिरीच्या कडेने, चिंचेखालून. तेवढ्या वाटेत जयवंतीने तो निरोप पुन्हा पुन्हा मनात घोळवला. मी चुकलो. तुझं चुकलं. ये. मधलं वाक्य तिला काट्यासारखं टोचत होतं. मरणाच्या दारात असलेला भाऊ बोलावतो आहे, आणि त्यात हे कशाला? दादाचा स्वभाव तिला ठाऊक होता. 'तुझं चुकलं' ऐकलं की त्याची मान ताठ होईल, तो उठणार नाही, आणि आता वेळ उरलेला नाही. आयुष्यभर तिने कडू शब्द वाटेत टाकले होते. तो हात आपोआप चालला.

हरिभाऊ ओटीवर सुतळीचा गुंडा करत बसला होता.

"दादा, काशाने बोलावलंय. म्हणतो, विहिरीचं मी चुकलो, दादाला म्हणावं एकदा ये."

हरिभाऊने तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. जवळजवळ हसू होतं, आणि तेच तिला भ्यायला लावणारं होतं.

"मी चुकलो, असं काशा म्हणाला?"

"हो."

"जन्मात म्हणाला नाही तो. लहानपणी बापाने छडीने फोडला तरी म्हणाला नाही." त्याने सुतळीचा पीळ घट्ट केला. "मधले, पहिल्याच वर्षी तू सांगितलंस, काशा गुडघ्याची चौकशी करत होता. माझा गुडघा दुखतो हे मी तुझ्याखेरीज कुणाला सांगितलं होतं? त्या दिवसापासून मला ठाऊक आहे. हे सगळं तुझं आहे."

जयवंती खाली बसली. "मग इतकी वर्षं ऐकत का राहिलास?"

"बरं वाटायचं," हरिभाऊ म्हणाला.

"दादा, आधीचं सगळं माझं. आजचं त्याचं आहे. तो असंही म्हणाला, की चारचौघांत मला चोर म्हणालास ते तुझं चुकलं. दोन्ही सांग म्हणाला. देवाशपथ."

हरिभाऊ थांबला. हातातली सुतळी थांबली. क्षणभर तिला वाटलं, हा उठतो आहे. काशिनाथचा आवाज या वाक्यात होता आणि हरिभाऊने तो ओळखला होता. पण त्याने मान हलवली.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

ती ओटीवरून उठली.

"पहिलं नाही चाललं, म्हणून दुसरं काढलंस," तो म्हणाला, आणि पुन्हा गुंडा फिरवू लागला. "त्याला खरंच बोलवायचं असेल, तर विद्याधर येईल. पोरगा आला तर जाईन."

ती धावतच परत गेली. पण विद्याधर औषधासाठी वसईला गेला होता. काशिनाथचे डोळे दाराकडे लागले होते.

"सांगितलंस?" त्याने विचारलं. "तसंच्या तसं?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

प्रेमलताही तिच्याकडे बघत होती. जयवंतीच्या तोंडून निघालं, "येतोय. पाय धुतोय."

काशिनाथने डोळे मिटले. दार उघडं ठेवा म्हणाला. दुपार कलली, दारातलं ऊन अंगणात सरकलं. मधून मधून तो डोळे उघडून बघायचा आणि मिटायचा. विद्याधर परत आला तेव्हा त्याला धाडायचं म्हणून जयवंती उठली, पण तेवढ्यात प्रेमलतेने हाक मारली. त्या हाकेचा अर्थ सगळ्यांना कळला.

रडणं ऐकून हरिभाऊ आला. अनवाणी, हाताला सुतळीचा भुसा तसाच. उंबऱ्याशी अडखळला आणि आत येऊन भावाच्या पायाशी बसला. कुणी त्याला अडवलं नाही. खांदा त्याने दिला. किनाऱ्याकडच्या स्मशानात शेवटपर्यंत उभा राहिला. घरी आला तो जेवला नाही, ना त्या दिवशी, ना धडपणे पुढे कधी.

महिने गेले. देवळाच्या ओट्यावर तो जाईनासा झाला. माणसं घरी येत, बांधाचं, वाटेचं गाऱ्हाणं मांडत. हरिभाऊ ऐकून घेई आणि म्हणे, "दुसरा कुणी बघा." दिवसातून एकदा तरी तो जयवंतीला विचारी, "खरंच म्हणाला होता का गं तो?" पहिल्यांदा ती म्हणाली, हो. दुसऱ्यांदा म्हणाली, हो. दर 'हो'सरशी तो आणखी खचत गेला. पोटाची खोळ झाली, गालफडं वर आली. एके संध्याकाळी ताट तसंच सारून तो म्हणाला, "माझा भाऊ मला बोलावत होता आणि मी सुतळी वळत बसलो."

जयवंतीला ते सोसवेना. एक भाऊ गेला होता. दुसरा डोळ्यांदेखत जात होता.

"नाही दादा," ती म्हणाली. "तुझं बरोबर होतं. ते माझंच होतं. काशा काही बोलला नव्हता. तू जावंस म्हणून मी रचलं."

हरिभाऊने सारलेल्या ताटाकडे पाहिलं. मग म्हणाला, "वाटलंच मला."

ताट त्याने पुढे ओढलं. त्या दिवशी तो पोटभर जेवला. जयवंती वाढत राहिली. तिला वाटलं होतं, आपल्याला हलकं वाटेल. पण हात धुताना हरिभाऊ स्वतःशीच म्हणाला, "म्हणजे शेवटपर्यंत नाहीच बोलावलं त्याने." त्या सुरात नवंच काहीतरी होतं, आणि ते तिनेच त्याच्या पानात वाढलं होतं.

हरिभाऊ हळूहळू सावरला. ओट्यावर पुन्हा बसू लागला, "असं करा" म्हणू लागला. पण आता बोलता बोलता भावाचा विषय निघाला की म्हणायचा, "आमचा काशा मोठा हट्टी. मरताना पोराला बोलावलं, मला नाही." लोक च्‌च्‌ करत. घरोघर ते पोचलं. आणि जिथे पोचायला नको होतं तिथेही पोचलं.

प्रेमलता विहिरीवर थांबली होती. जयवंती घागर घेऊन आली, तशी ती म्हणाली, "यांनी बोलावलं होतं. मी पायाशी बसले होते. माझ्या कानांनी ऐकलंय."

"हो," जयवंती म्हणाली.

"मग भावजी गावभर काय सांगतात?"

जयवंतीने सांगितलं. का सांगितलं तेही सांगितलं. प्रेमलता शांतपणे ऐकत होती. तिचा आवाज चढला नाही.

"यांनी उभ्या जन्मात एकदाच मान खाली घातली," ती म्हणाली. "तेवढं एक मोठेपण होतं त्यांचं. ते तुम्ही पुसून टाकलंत, बाय. थोरल्याने जेवावं म्हणून."

"मी आत्ता जाऊन दादाला खरं सांगते."

"आता कोण विश्वास ठेवणार तुमच्यावर?"

प्रेमलतेने घागर उचलली आणि ती गेली. त्यानंतर ती जयवंतीशी बोलली नाही. दोघी एकाच विहिरीवर येत. एक असेल तर दुसरी चिंचेखाली थांबे.

जयवंतीने लोकांच्या घरी जाणं सोडलं. बोलावणं आलं तर सांगे, पाय दुखतात. एकदाच, फार गळ घातली म्हणून, राजोडीच्या दोन जावांसाठी ती गेली. या वेळी जे ऐकलं ते तसंच्या तसं पोचवलं, एक शब्द गाळला नाही. संध्याकाळपर्यंत त्या घरात भिंत घालायची बोलणी सुरू झाली. मग तिला कुणी बोलावलंही नाही.

हरिभाऊ पुढे काही वर्षांनी झोपेतच गेला. भावाने बोलावलं नाही, असंच मनाशी धरून गेला. खरं सांगायला ती दोनदा त्याच्यापुढे बसली होती. दोन्ही वेळा त्याने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पुरे आता, मधले."

त्याच्या तेराव्यालाही प्रेमलता आली, काम केलं, वाढलं, पण जयवंतीशी बोलली नाही. सगळे पांगल्यावर सेलिन मागे राहिली. तिचे केस आता पांढरे झाले होते, पॉलिन जाऊनही बरेच दिवस झाले होते. भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "आत्या, मी जाऊ का प्रेमलतेकडे? तू माझ्या घरात येऊन बोलली होतीस. मी जाऊन काहीतरी सांगते."

"काहीतरी नको," जयवंती म्हणाली. "एवढंच सांग. काशा बोलावत होता, हे मला ठाऊक आहे. आणि चूक माझी आहे. यात काही घालू नकोस, काही गाळू नकोस."

सेलिन पदर सावरून गेली. जयवंती ओटीवर बसून राहिली. कुंपण कधीच मोडून पडलं होतं, पलीकडचं अंगण इथून दिसत होतं. सेलिन उभी होती, प्रेमलता तांदूळ निवडत होती. सेलिन बोलली. प्रेमलतेचे हात थांबले, मग पुन्हा सुपात फिरू लागले. थोड्या वेळाने सेलिन परत आली.

"काय म्हणाली?" जयवंतीने विचारलं.

सेलिन तिच्याजवळ बसली. "काहीच बोलली नाही, आत्या."

जयवंतीने मान हलवली. सेलिनच्या चेहऱ्याकडे तिने निरखून पाहिलं. तिथे काही लपवलेलं नव्हतं. मग ती उठली आणि राहिलेली भांडी आत नेऊ लागली.